आधी काय गेलं?

“गेम खेळताना नेट जातंय आणि कॉम्प्युटर बंद पडतोय.” रात्री नऊनंतर माझा फोन वाजला की पलीकडून बहुतेक वेळा हेच वाक्य येतं. कोल्हापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि नेटवर्किंगचं छोटं दुकान आहे. पूर्वी काम म्हणजे व्यापाऱ्यांचे बिलिंगचे कॉम्प्युटर, पतसंस्थांचे प्रिंटर आणि शाळांच्या लॅब. २०२० साली ते बदललं. लॉकडाउनमध्ये पोरं घरात अडकली, जूनमध्ये व्हॅलोरंट हा गेम आला, सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइलवर केंद्र सरकारने बंदी घातली, आणि वडिलांनी हिशेबासाठी घेतलेला कॉम्प्युटर रात्रभर जागा राहू लागला. तेव्हापासून माझे निम्मे फेरे घराघरांत होतात.

फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला : आधी काय गेलं? नेट की कॉम्प्युटर? पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही, मग उत्तर येतं, “एकदमच जातंय बघा सगळं.” सांगणारा खोटं बोलत नसतो. ज्याच्या हातात माउस आहे त्याचं लक्ष समोरच्या शत्रूवर असतं, राउटरच्या लाइटकडे बघायला त्याला फुरसत नसते. पण ‘एकदम’ वाटणाऱ्या त्या क्षणात बहुधा एक क्रम असतो. तो क्रम सापडला की निम्मं काम झालं, आणि तो न शोधता केलेलं प्रत्येक काम म्हणजे ग्राहकाच्या पैशांवर खेळलेला जुगार, असं माझं या धंद्यातलं मत बनलं आहे.

दुसरा प्रश्न : बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं? याची उत्तरं घरागणिक वेगळी. एका घरी गेम आपोआप मिटतो आणि डेस्कटॉप दिसतो. दुसऱ्या घरी चित्र गोठतं, आवाज एकाच सुरावर अडकतो आणि पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका होत नाही. तिसरीकडे निळी स्क्रीन येते. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये ती काळी झाली, पण लोक तिला अजून निळीच म्हणतात. चौथीकडे यंत्र खटकन बंद होतं आणि स्वतःच परत चालू होतं. पाचव्या घरी तर कॉम्प्युटरला काहीच झालेलं नसतं. गेममधला माणूस भिंतीला धडका देत धावत राहतो आणि थोड्या वेळाने सर्व्हर त्याला बाहेर काढतो. या पाचही घरांतून फोनवर वाक्य मात्र एकच आलेलं असतं. पहिल्या प्रकारात गेमच्या फाइल किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, दुसऱ्या-तिसऱ्यात ड्रायव्हर, रॅम किंवा एखादा खराब भाग, चौथ्यात वीज, पाचव्यात नेट, असा अंदाज मी जाता जाता बांधतो. नुसत्या अंदाजावर स्क्रू-ड्रायव्हर मात्र बाहेर काढत नाही.

घरात पाऊल टाकलं की वडिलांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. “दिवसभर एक्सेल चालतंय, यूट्यूब चालतंय, गेम लावला की मरतंय. म्हणजे गेमच वाईट.” त्यांनी पाहिलेलं अगदी बरोबर असतं, काढलेला अर्थ तेवढा पटत नाही. यूट्यूब पुढचा व्हिडिओ थोडा आधीच भरून ठेवतं, त्यामुळे नेट चार-पाच सेकंद गेलं तरी घरात कुणाला पत्ता लागत नाही. गेमला साठवून ठेवण्यासारखं काही नसतं, कारण समोरचा खेळाडू पुढच्या क्षणी काय करणार हे अजून घडलेलंच नसतं. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती नव्याने मोजतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांच्या आत एकदा. त्यासाठी लागणारा डेटा थोडाच असतो, शंभर मेगाबिटच्या प्लॅनचा अगदी लहान हिस्सा, पण तो वेळच्या वेळी पोचावा लागतो. म्हणून शंभरचा प्लॅन तीनशेचा करून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, सुधारत नाही, हे मला सतत कुणाला तरी समजावावं लागतं.

हिशेब साधा आहे. कोल्हापूरहून मुंबई रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. फायबरच्या काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायला चार मिलिसेकंदही लागू नयेत. वाटेतली वळणं आणि उपकरणं धरली तरी इथल्या चांगल्या लाइनवर मुंबईतल्या सर्व्हरचा पिंग दहा-वीसच्या घरात दिसतो. तो मधेच दोनशेवर उडी मारत असेल तर वेग वाढवून काय होणार? वाटेत कुठे खोळंबा होतोय ते शोधायला हवं.

आणि ज्या क्षणी गेमला नेटकडून हा काटेकोरपणा हवा असतो, त्याच क्षणी तो प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि नेटवर्क कार्ड यांना एकदम कामाला लावतो. एक्सेल उघडलं असताना साठ-सत्तर वॉट खाणारं यंत्र गेममध्ये अडीचशे-तीनशे वॉट ओढतं. घरातली वायरिंग, इन्व्हर्टर, स्वस्तातला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), छतावरून आलेली केबल, अर्धवट काढलेलं सॉफ्टवेअर, यांत जे सगळ्यात कच्चं असेल ते तेव्हा उघडं पडतं. इतकी कडक तपासणी घरात दुसरं कुणी करत नाही. वडिलांना हे पटायला वेळ लागतो. मुलाला लगेच पटतं, पण त्यामागे त्याचा स्वार्थ असतो.

शिवाजी उद्यमनगरजवळच्या गल्लीतलं एक घर चांगलं लक्षात राहिलं आहे. कॉलेजातला मुलगा, आई-वडील आणि आजी. मॅच रंगात आली की राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही जायचे. कॉम्प्युटर लगेच उठायचा, राउटरला फायबरची लाइन पकडायला दोन-तीन मिनिटं लागायची. रँकची मॅच अर्ध्यात सुटली की बाकीचे चौघे एका खेळाडूने कमी पडतात आणि सोडून जाणाऱ्याला गेम शिक्षा करतो, काही काळ खेळूच देत नाही. त्यामुळे मुलगा वैतागला होता. माझ्या आधी कुणीतरी विंडोज नव्याने टाकून गेलं होतं, नंतर रॅमही बदलली होती. मुलाचा संशय आजीवर, कारण रात्री बटणं बंद करत फिरायची तिला सवय.

मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज आपल्या पडण्याची नोंद पुन्हा उठल्यावर करते. ‘कर्नल-पॉवर ४१’ या नावाने ती लाल नोंद दिसते आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड असतो. निळी स्क्रीन आली असेल तर तिथे कुठला तरी आकडा सापडतो. या घरी प्रत्येक नोंदीत शून्य होतं, म्हणजे विंडोजला काही लिहून ठेवायलाही सवड मिळाली नव्हती. वीजच तुटली होती. राउटर आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांना पाडलं नव्हतं, दोघांनाही तिसऱ्याच कुणीतरी पाडलं होतं.

पण लाइट जात नव्हती, याबद्दल घरात सगळ्यांचं एकमत. एलईडी बल्ब मिचकावलेलाही कुणी पाहिला नव्हता. तेवढ्यात आजी म्हणाली, “तवा पंखा बी जरा हळू हुतोय की रे.” तिथे उलगडा झाला. मागच्या बाजूला वर्कशॉप, रात्रपाळीला वेल्डिंग आणि मोठ्या मोटारी. मोटार सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढते आणि त्या लाइनवरच्या घरांत व्होल्टेज खाली बसतं. एलईडी बल्ब ते निभावून नेतो, पंखा मंदावतो. घरच्या इन्व्हर्टरला मागे एक छोटं बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड. साध्या मोडवर तो व्होल्टेज बरंच खाली जाईपर्यंत लाइनचीच वीज पुढे पाठवत राहतो आणि बॅटरीवर जायला तीस-चाळीस मिलिसेकंदही घेऊ शकतो. यूपीएस मोडवर तो लवकर सावध होतो आणि दहा-पंधरा मिलिसेकंदांत बदल करतो. कॉम्प्युटरचा एसएमपीएस मोठ्या भारावर, वीज तुटल्यावर, सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरेल अशी मानकाची अपेक्षा असते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, एक फेरी वीस मिलिसेकंदांची. म्हणजे एक फेरी पुरती हुकली तरी भारावरचा एसएमपीएस हात टेकणार.

गेममध्येच का, याचं उत्तरही त्यातच होतं. एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज ठरावीक असते. साठ वॉटचा भार असेल तर ती बराच वेळ पुरते, तीनशे वॉटचा असेल तर लगेच संपते. एक्सेल उघडं असताना तोच झटका येऊन जायचा आणि कुणाला कळायचंही नाही. भार मोजून घेतला, इन्व्हर्टरचं बटण यूपीएसवर केलं, राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आणि पुढेमागे एसएमपीएस चांगला घ्यायला सांगितला. आजीवरचा आरोप मुलाने त्याच संध्याकाळी मागे घेतला.

राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये क्रम उलटा होता. इंजिनिअरिंगला असलेली मुलगी खेळायची आणि ती पोरांपेक्षा नेमकं सांगायची. “दादा, आधी पिंग वर जातो, मग आवाज अडकतो, मग निळी स्क्रीन. राउटर चालूच असतो, बाबांच्या मोबाइलवर नेट सुरू असतं.” तिने विंडोजचा आपोआप रीस्टार्ट होण्याचा पर्याय काढून टाकला होता, त्यामुळे स्क्रीन थांबायची आणि तिचा फोटो काढता यायचा. एवढं केलेला ग्राहक मिळाला की मी मनातल्या मनात निम्मी फी सोडतो.

नोंदीत बगचेक कोड २०९. हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिला की तो डी१ होतो. एखाद्या ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीत हात घातला, असा त्याचा साधारण अर्थ. विंडोजच्या मिनीडंप फोल्डरमध्ये प्रत्येक वेळची एक छोटी फाइल साठलेली असते. ती उघडल्यावर ड्रायव्हरचं नाव मिळालं. ते नेटवर्क कार्डाचं नव्हतं. मदरबोर्डच्या ड्रायव्हरांसोबत आलेल्या, ‘पिंग कमी करतो’ म्हणणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं होतं. ते सॉफ्टवेअर तिने पूर्वीच काढून टाकलं होतं, पण नेटवर्कच्या वाटेवर त्याने बसवलेली गाळणी मागे राहिली होती. नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये खुणांची एक यादी दिसते, तीत ती निमूट बसून होती. गेमचा डेटा ओळखून त्याला पुढे काढायचं हेच तिचं काम. म्हणून एरवी तिला काही काम नसायचं आणि गेम लावला की तीच यंत्र पाडायची.

एका छोट्या ड्रायव्हरमुळे सगळा कॉम्प्युटर कसा पडतो, असं तिच्या बाबांनी विचारलं. साधा प्रोग्रॅम चुकला तर विंडोज तेवढा एकच बंद करते. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो. तिथे चूक झाली की पुढे जाणं धोक्याचं असतं, म्हणून विंडोज स्वतःहून थांबते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरात सुमारे ८५ लाख यंत्रं एका दिवसात निळी झाली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते सॉफ्टवेअरही गाभ्यातच बसलेलं होतं. बाबांना विमानतळाची बातमी आठवत होती, त्यामुळे पुढचं समजावणं सोपं गेलं.

त्यांचा आग्रह मात्र एकच, “एकदा फॉरमॅट मारून टाका की.” आमच्या धंद्यात प्रत्येक दुखण्यावर हेच औषध दिलं जातं. फॉरमॅटने तिचा कॉम्प्युटर सुधारलाही असता, आणि तीच तर अडचण आहे. दोन आठवड्यांनी तेच ड्रायव्हर तिथूनच पुन्हा उतरवले असते, तीच गाळणी परत बसली असती आणि मागच्या नोंदी पुसल्या गेल्यामुळे कुणाला काही कळलं नसतं. मी गाळणीची खूण काढली, तिचे अवशेष साफ केले, नेटवर्क चिपच्या मूळ कंपनीचा ड्रायव्हर टाकला. ‘बूस्टर’ नावाचं काहीही पुन्हा बसवायचं नाही एवढी अट घातली. व्हीपीएन आणि जुने अँटिव्हायरस यांच्या गाळण्याही अशाच मागे राहतात. ऑनलाइन गेम बंद पडण्याच्या तक्रारीत मी ती यादी आता पहिल्या काही मिनिटांतच बघतो.

तिसरी गोष्ट पावसाच्या तोंडावरची. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापूरवर वळवाचे ढग दाटले की मला कामाचा अंदाज येतो. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. पण अनेक ठिकाणी फायबर येते ती शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरच्या डब्यापर्यंतच. तिथून घरापर्यंत साधी तांब्याची लॅन केबल, गच्चीवरून गच्चीवर, वाटेत डिशच्या पाइपला एक वेढा. कसबा बावड्यात एका जुन्या घरी अशी केबल थेट कॉम्प्युटरच्या मागे लावलेली होती. वळीव होऊन गेल्यावर गेम सुरू केला की काही मिनिटांत सगळं गोठायचं, ना निळी स्क्रीन, ना रीस्टार्ट. नोंदींमध्ये मात्र गोठण्याआधी लॅनची लिंक तुटली, जुळली, परत तुटली, असे इशारे ओळीने होते. म्हणजे आधी लिंक, मग कॉम्प्युटर. हा क्रम बूस्टरवाल्या घरासारखाच, पण केबल काढून फोनचं नेट यूएसबीने जोडलं तर तासभर गेम सुरळीत चालला. ड्रायव्हर नवा टाकून बघितला तरी केबल लावली की पुन्हा तेच.

कॅबिनेटला हात टेकला तेव्हा बोटांना झिणझिण्या आल्या. मल्टिमीटर लावला तर कॅबिनेट आणि जमीन यांच्यात शंभराच्या वर व्होल्ट दाखवत होता. बोर्डाला तिसरं छिद्र होतं, त्यामागे अर्थिंगची वायरच नव्हती. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे छोटे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांची गळती निमूट जमिनीत जाते, नसेल तर सगळं कॅबिनेट अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट किरकोळ असतो, पण बाहेरून केबलवरून झटका आला की त्याला जायला सुरक्षित वाट उरत नाही. लॅन पोर्टमध्ये १५०० व्होल्टपर्यंत तग धरणारा ट्रान्सफॉर्मर असतो, जवळपास पडलेल्या विजेपुढे तेवढं पुरत नाही. त्या घरातलं पोर्ट मेलं नव्हतं, अर्धमेलं झालं होतं. साधं ब्राउझिंग निभायचं आणि सतत डेटा सुरू झाला की चिप तापून अडकायची. पोर्ट बायोसमधून बंद केलं, वेगळं नेटवर्क कार्ड बसवलं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या आणि ऑपरेटरला सांगून फायबर घरापर्यंत आणा, असं बजावून आलो. कार्ड लगेच घेतलं गेलं. अर्थिंगला दिवाळी उजाडली.

केबलच्या तक्रारी सगळ्या एवढ्या नाट्यमय नसतात. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल जॅकपाशी तुटते. गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभर मेगाबिटला चारच, त्यामुळे एखादी तार गेली तर लिंक हजारवरून शंभरवर येऊन बसते आणि चालू आहे म्हणून कुणी बघत नाही. वायफायचं तर विचारूच नका. राउटर कुठे फ्रीजवर, कुठे लोखंडी कपाटात, कुठे माशांच्या टाकीमागे, कारण ‘शोभा बिघडते’. तिथे मी वाद घालत बसत नाही, वायर ओढून देतो.

उरतो तो पाचवा प्रकार, कॉम्प्युटर ठणठणीत आणि गेम मेलेला. त्यासाठी मी कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडून शेजारी ठेवतो. एकीत घरच्या राउटरला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग. दुसरीत बाहेरच्या सर्व्हरला. राउटरचंच उत्तर अडखळलं तर दोष घरात. राउटर एका मिलिसेकंदात उत्तर देतोय आणि बाहेरचं तेवढं उडतंय, तर दोष लाइनमध्ये किंवा लाइनच्या तोंडाशी. हे तोंडाशी होणारं दुखणं फार घरांत आहे. रात्री दहाला आईचा फोन चार्जिंगला लागतो, दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढू लागतात, दारावरचा कॅमेरा रेकॉर्डिंग पाठवत असतो. कारखान्याच्या काट्यासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली की मोटारसायकलवाला जसा मागे अडकतो, तसं गेमचं एवढंसं पाकीट फोटोंच्या मागे राउटरच्या बफरमध्ये थांबतं. हरवत काही नाही, उशीर तेवढा होतो, आणि गेमला तोच चालत नाही. अमेरिकी प्रोग्रॅमर जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरी मोठ्या फाइल पाठवताना हा प्रकार पाहिला आणि त्याला बफरब्लोट म्हटलं. कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग लांबू न देणारी कोडेल नावाची पद्धत मांडली. ती ज्या राउटरमध्ये आहे तिथे मी ती चालू करतो. नसेल तिथे फोटोंच्या बॅकअपची वेळ पहाटेची करतो आणि कॅमेऱ्याच्या अपलोडला मर्यादा घालतो. एकही वस्तू विकत घ्यावी लागत नाही, आणि घरातलं बहीण-भावाचं भांडण तेवढ्यापुरतं तरी मिटतं.

या सगळ्यात पद्धत म्हणावी अशी एकच पाळतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. फोनचं नेट यूएसबीने जोडून बघायचं, म्हणजे राउटर, केबल आणि लॅन पोर्ट तिन्ही बाजूला होतात. गेम न लावता घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मोठी फाइल ओढायची, म्हणजे भार फक्त नेटवर्कवर येतो. नेट काढून जड ऑफलाइन गेम लावायचा, म्हणजे वीज आणि ग्राफिक्स एकटे सापडतात. ऑफलाइन गेम नीट चालला म्हणजे नेटच दोषी, असंही लगेच धरत नाही, कारण प्रत्येक गेमचा भार वेगळा. पोरांना एक काम देऊन येतो. भिंतीवर घड्याळ आणि कॉम्प्युटरजवळ वही ठेवा. काही गेलं की किती वाजले, राउटरचा कुठला लाइट कसा होता, पंखा-फ्रीजचं काय, पिंगच्या खिडकीत शेवटची ओळ कुठली, एवढं लिहा. जे लिहितात त्यांच्याकडे मला बहुधा पुन्हा जावं लागतं ते एकदाच, आणि जाताना बरोबर वस्तू घेऊन जाता येतं.

वही लिहिण्याचा आणखी एक उपयोग मला अपेक्षित नव्हता. काही घरांत ती वही वडील वाचतात. पोरगं नुसतं वेळ घालवतंय असं ज्यांना वाटत होतं, त्यांना आठ-दहा नोंदींची व्यवस्थित यादी दिसते, वेळेसकट, अंदाजासकट. त्याने गेमविषयीचं मत बदलतं असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या काळात राउटर कपाटात जातोच. पण ‘गेममुळे मशीन खराब झालं’ हे वाक्य मागे पडतं आणि बोलणं इन्व्हर्टरवर, केबलवर, अर्थिंगवर येतं. अर्थिंग तर सगळ्या घराच्या जिवाशी आहे. ते गेमच्या तक्रारीतून सापडलं तरी माझी हरकत नाही.

शेवटी पैशांचा प्रश्न येतोच. इन्व्हर्टरचं एक बटण फिरवलं, एक खूण काढली, बॅकअपची वेळ बदलली, आणि तासा-दोन तासांचे पैसे मागितले की चेहरे बदलतात. “पार्ट तर काय बदलला नाही, मग पैसे कशाचे?” पार्ट बदलणाऱ्याला कुणी हे विचारत नाही. उद्यमनगरजवळच्या त्या घरात नको असलेल्या रॅमचे पैसे कुरकुर न करता दिले गेले होते. यावर मी भांडत नाही, बिल वेगळं लिहितो. वस्तूंच्या रकान्याखाली ‘तपासणी’ असा रकाना छापून घेतला आहे आणि त्यात तीन ओळी हाताने लिहितो : आधी काय गेलं, कशामुळे गेलं, काय बदललं. बूस्टरवाल्या घरच्या बिलावर ‘नेटवर्कमधली जुनी गाळणी काढली, फॉरमॅट केलेलं नाही’ असं लिहिलं आहे. ग्राहक फीवरून घासाघीस करतो, ती मी थोडीफार ऐकतो. त्या तीन ओळी मात्र कमी करत नाही. पुढच्या वेळी माझ्याऐवजी दुसरा कुणी आला तर निदान त्याने रॅमपासून सुरुवात करू नये.